वाफसा

मागच्या आषाढात मुळशी धरणाच्या जरा पुढे, एका चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली मी जॅकेट काढलं आणि बाही उलटी धरली. कोपराच्या खोलगटात साठलेलं पाणी धार लागून खाली पडलं. पाऊस काही फार नव्हता, दीड तासाची झिमझिम. जॅकेट नवं होतं, शिवणींवर आतून पट्ट्या चिकटवलेल्या होत्या आणि थेंबही आत येणार नाही, असा शब्द मला दुकानात मिळाला होता. मी बोट ओलं करून जिभेला लावलं. खारट लागलं. म्हणजे दिलेला शब्द खरा होता. बाहेरचं काहीच आत आलं नव्हतं, हे सगळं पाणी माझंच होतं.

परतताना पिरंगुटच्या उतारावर सायकलवर दात वाजायला लागले. घामाने चिंब झालेला सदरा, त्यावर गार पडलेलं प्लॅस्टिकसारखं कापड आणि समोरून वारा. ब्रेकवरची बोटं आखडली तेव्हा भीती वाटली, कारण ओल्या उतारावर सगळा भरवसा त्या दोन बोटांवरच असतो. त्या दिवशी घरी येऊन गरम पाण्याने अंघोळ केली तरी पाठीतली थंडी रात्रीपर्यंत गेली नाही.

या वर्षी मृगाच्या आधी नवं जॅकेट घ्यायचं ठरवलं. सायकलच्या सोबत्यांना विचारलं तर प्रत्येकाने वेगळी किंमत सांगितली आणि प्रत्येकाने तेच दोन शब्द सांगितले: वॉटरप्रूफ आणि ब्रीदेबल. पाणी आत येऊ न देणारं, आणि आतली वाफ बाहेर सोडणारं. दुकानातल्या प्रत्येक लेबलावरही हेच दोन शब्द आणि त्यांच्यापुढे दोन आकडे. दहा हजार, वीस हजार. मला हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही, म्हणून घरी येऊन वही उघडली.

चढावर माझ्यासारखी पन्नाशी ओलांडलेली बाई पेडलवर साधारण सव्वाशे वॅटचं काम करते. पण शरीर जेवढी शक्ती खर्च करतं त्यातली पाव किंवा पाचवा हिस्साच पेडलला मिळते, उरलेली सगळी उष्णता होते. म्हणजे शंभराचे चार जुने पिवळे बल्ब अंगात पेटवून मी चढ चढत असते. ही उष्णता फक्त घाम वाळवून घालवायची तर तासाला सहाशे ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ व्हायला हवी. आता लेबलावरचा दुसरा आकडा: एका दिवसात, एका चौरस मीटर कापडातून वीस हजार ग्रॅम वाफ पार होते. चोवीसने भागलं तर तासाला आठशेच्या वर. अंगावरचं जॅकेट जेमतेम एक चौरस मीटर. कागदावर जमलं की! मग टपरीखालची ती धार कुठून आली?

त्याचं उत्तर हवेत आहे. वाफ आपण होऊन कापडातून बाहेर जात नाही. आतला बाष्पदाब आणि बाहेरचा बाष्पदाब यांच्यातला फरक तिला ढकलतो. घामेजलेल्या, पस्तीस अंशांच्या कातडीजवळ हा दाब साडेपाच किलोपास्कलच्या जरा वर असतो. स्कॉटलंडमध्ये आठ अंशांच्या पावसात बाहेरचा दाब एकच्या आसपास, म्हणजे फरक साडेचारच्या वर. आपल्या आषाढात मुळशीच्या रस्त्यावर हवा पंचवीस अंश आणि दमटपणाने काठोकाठ भरलेली, बाहेरचाच दाब तीनला टेकलेला. उरला फरक अडीचच्या आसपास. तेच कापड, तीच बाई, आणि वाफेला ढकलणारा जोर जवळजवळ निम्मा. प्रयोगशाळेत तर एका बाजूला अगदी कोरडी हवा ठेवूनही मोजतात, आणि मोजायच्या पद्धती इतक्या वेगवेगळ्या आहेत की एका कंपनीचे वीस हजार आणि दुसरीचे वीस हजार एकाच तराजूतले नसतात. गार देशात सहज श्वास घेणारं कापड आपल्याकडे धापा टाकतं. त्यात कापडाचा दोष नाही. ते ज्या पावसासाठी विणलं गेलं तो पाऊस निराळा आहे.

पहिल्या आकड्याचं तसं नाही. दहा हजार म्हणजे कापडावर दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते झिरपत नाही. हा आकडा साधा आहे आणि खरा आहे. पावसाचा थेंब एवढा जोर कधीच लावत नाही. पाठीवरच्या पिशवीचे पट्टे खांद्यावर दाबतात तिथे मात्र तो उपयोगी पडतो. दहा हजारांच्या वरच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजायची मला गरज वाटली नाही.

पाणी अडवण्याची विद्या माणसाला आधी आली, वाफ सोडण्याची फार उशिरा. 1823 मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने नॅफ्थात विरघळवलेलं रबर दोन कापडांच्या मध्ये भरून रेनकोटच्या जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं. त्यातून पाणी आत येत नसे आणि घाम बाहेर जात नसे. पुढची जवळजवळ दीडशे वर्षं बरंचसं जग तसलेच कोट घालून पावसात उकडत राहिलं. मग 1969 मध्ये अमेरिकेत बॉब गोर टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या ताणून पाहत होता. हळूहळू ताणली की कांडी तुटे. वैतागून त्याने एक जोरदार हिसका दिला, तर ती तुटली नाही, कितीतरी पट लांब झाली आणि तिच्या आत असंख्य सूक्ष्म पोकळ्या तयार झाल्या. प्लंबर नळाच्या आट्यांना जी पांढरी टेप गुंडाळतो, तिच्याच कुळातला हा पदार्थ. त्याचा पातळ पडदा काढला की त्यातलं छिद्र पाण्याच्या थेंबाहून हजारो पट लहान आणि वाफेच्या रेणूहून शेकडो पट मोठं असतं. दुसऱ्या जातीच्या पडद्यांना छिद्रंच नसतात. पाण्याचे रेणू त्यांच्या अंगात मुरतात आणि एकेक करून पलीकडे निघतात. मला दोन्ही प्रकार सुंदर वाटतात. थेंबाला दार बंद आणि वाफेला उघडं, ही कल्पनाच मोठी आहे.

आणि ती मला ओळखीची वाटली. तिच्यासाठी आपल्याकडे शब्द आहे, आणि तो आजीच्या तोंडचा आहे.

आजी मुळशी खोऱ्यातली. भात कापून झालं की हरभरा पेरायच्या आधी ती खाचरात उतरायची, मूठभर माती उचलून तिचा लाडू वळायची आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाकायची. लाडू वळलाच नाही तर माती कोरडी झाली. खाली पडून तसाच बसला तर अजून चिखल आहे. वळला आणि पडल्यावर फुटला, की ती म्हणायची, "वाफसा आला." मातीच्या बारीक पोकळ्यांमध्ये ओलही आहे आणि हवाही आहे, मुळाला पाणीही मिळेल आणि श्वासही घेता येईल, अशी जमिनीची ती अवस्था. शब्दातच वाफ आहे. वाफसा दोन-चार दिवसच टिकतो, आणि शेतकरी त्याची वाट बघत बांधावर बसून राहतो.

टपरीखाली माझ्या अंगावर चिखल झाला होता. मला वाफसा हवा होता. हे लक्षात आलं आणि दुकानातल्या दोन आकड्यांचा माझ्यावरचा दाब उतरला.

आजीच्या घरात पावसाची दोन वस्त्रं होती. ओटीवर खुंटीला घोंगडी, आणि पडवीत भिंतीला टेकवून ठेवलेली इरली. घोंगडी आजोबांची, गुरांमागे जायची. दख्खनी मेंढीची भरड काळी लोकर, ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली, एवढी जड की लहानपणी मला उचलवायची नाही. भुरभुर पाऊस तिच्या केसांवरच अडून राहायचा. जोरात आला तर ती भिजायची, पण भिजलेली घोंगडीसुद्धा ऊब देते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल धाग्याच्या पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि ओल घेताना थोडी उष्णता सोडते. हे शास्त्र मी फार पुढे वाचलं. आजोबांच्या काखेत शिरून घोंगडीखाली बसले की जो दमट, मेंढीच्या वासाचा ऊबारा अंगाला लागायचा, तो त्याच्या आधीपासून माहीत होता.

इरलं बायकांचं, भातलावणीचं. बांबूच्या कामट्यांची दोन जाळीदार कवचं आणि त्यांच्या मध्ये दाबून बसवलेली पळसाची पानं. उलट्या होडीसारखं ते डोक्यावर ठेवायचं की डोकं आणि सगळी पाठ झाकली जाते, कंबरेपर्यंत, त्याच्याही खाली. दोन्ही हात मोकळे. पुढून काहीच नाही, कारण लावणी करणारी बाई दिवसभर वाकलेलीच असते. तिची पाठ आभाळाकडे आणि छाती चिखलाकडे. पाऊस पाठीवर पडतो, तेवढीच झाकायची. खालून आणि बाजूंनी वारा खेळता. इरल्याखाली घाम साठत नाही, कारण इरलं अंगाला चिकटत नाही.

सायकलवर मीही वाकलेलीच असते. ही गोष्ट इतकी साधी आहे, तरी ती मला इरल्याची आठवण आल्यावर दिसली. मी आजवर जॅकेट आरशासमोर ताठ उभी राहून घालून पाहत होते. उभ्या बाईच्या अंगावर सुरेख बसलेलं जॅकेट हँडलवर वाकलं की पाठीवर चढतं, कंबर उघडी पडते, बाह्या मनगटाच्या मागे सरकतात आणि पोटावर कापडाची वळकटी होऊन तिच्यात पाणी साठतं. सायकलसाठी म्हणून जे जॅकेट नीट विचार करून बेततात, त्याची पाठ लांब आणि पुढची बाजू आखूड असते, बाह्या जरा पुढे वळवलेल्या असतात. म्हणजे ते वाकलेल्या पाठीसाठी शिवलेलं असतं. या वेळी मी दुकानात गेले तेव्हा एक सायकल मागून घेतली, तिच्यावर बसले, हात हँडलवर ठेवले आणि मग जॅकेट पाहिलं. सहा जॅकेटं अशीच बाजूला पडली.

मग काखेतल्या चेन पाहिल्या. काखेखाली वीतभर उघडणारी चेन ही माझ्या मते पडद्याच्या सगळ्या आकड्यांहून मोलाची. वाफेला रेणूरेणूने बाहेर काढण्यापेक्षा वाऱ्याच्या झोताने काढणं केव्हाही सोपं, इरल्यासारखं. पुढची चेन खालूनही उघडणारी हवी. मनगटाशी पट्टी हवी, म्हणजे चढावर बाही सैल सोडता येते आणि उतारावर आवळता येते. जॅकेटला जोडलेली टोपी मला नको वाटली. हेल्मेटवरून ओढलेली टोपी मान वळवली की डोळ्यांवर येते आणि मागून येणारा ट्रक दिसत नाही. हेल्मेटखाली साधी पट्टेवाली कापडी टोपी पुरते.

रंगाचं दुकानदाराला सांगावं लागलं. तो मला काळं दाखवत होता, मळत नाही म्हणून. पावसाळी दुपारी ताम्हिणी घाटात ढग रस्त्यावर उतरतात तेव्हा काळं जॅकेट घातलेलं माणूस दिसतच नाही. झगझगीत नारिंगी किंवा पोपटी कापड आभाळातल्या अतिनील किरणांवर उजळतं, ढगाळ उजेडातही. सूर्य मावळला की त्याचं काम संपतं, मग गाडीचा दिवा परतवणाऱ्या चंदेरी पट्ट्या लागतात. दोन्ही हवं. आणि जॅकेटच्या आधी मडगार्ड हवं, हे मी नव्याने सायकल घेणाऱ्या प्रत्येकाला सांगते. पावसात आपण निम्मे भिजतो ते आपल्याच चाकांनी उडवलेल्या पाण्याने, खालून वर, आणि त्या पाण्यात रस्त्याचं डिझेल आणि शेण दोन्ही असतं.

17 मार्च 2013 ची मिलान-सान रेमो शर्यत पुष्कळ सायकलवाल्यांना आठवत असेल. बर्फ एवढं पडलं की मधला टप्पा वगळून खेळाडूंना बसने पुढे न्यावं लागलं. त्या दिवशी कितीतरी जणांच्या अंगावर एकच वस्त्र होतं, कॅस्टेली या इटालियन कंपनीचं गाबा. ज्यांचे करार दुसऱ्या कंपन्यांशी होते त्यांनी त्याच्यावरचं नाव काळ्या शाईने झाकून ते घातलं होतं. गाबा पूर्ण जलरोधक नव्हतं. अंगाला घट्ट बसणारं, वारा अडवणारं, पाणी बरंचसं झटकणारं आणि घाम सोडणारं ते आखूड बाह्यांचं वस्त्र. जगातले सगळ्यात कसलेले सायकलपटू, ज्यांना पैशाने काहीही मिळालं असतं, ते थोडं भिजायला तयार होते. वारा लागू नये एवढीच त्यांची अट होती. हे वाचल्यावर मला आजोबांची घोंगडी पुन्हा आठवली.

एका गोष्टीवर मात्र मी फार दिवस अडले. नव्या जॅकेटवर पाणी टाकलं की ते मोत्यासारखं घरंगळतं. अळवावरचं पाणी आपण म्हणतो ते अगदी तस्संच. अळूचं पान हे काम मेणाच्या थराने आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या उंचवट्यांनी करतं. कापडावर ते काम वर्षानुवर्षं फ्लोरीनयुक्त रसायनांनी होत आलं. ती कार्बन-फ्लोरीनची जोडणी निसर्गात जवळजवळ तुटतच नाही. कापडावरून ती रसायनं झिजतात, धुण्याच्या पाण्यातून नदीत जातात आणि मग माशांत, माणसांच्या रक्तात सापडतात. पावसापासून वाचण्यासाठी पाण्यातच कायमचं विष सोडायचं, हे मला पटत नाही. जिथून मी सायकलवर जाते तिथलंच पाणी मुळा नदीत उतरतं. आता फ्लोरीनशिवायचे लेप मिळतात, आणि टेफ्लॉनऐवजी पॉलिथिलीनचे ताणलेले पडदेही आलेत. हे नवे लेप लवकर उतरतात, तेलकट डाग त्यांना सोसत नाहीत. मी तेच घेतलं. धुवायला थोडं जास्त लागेल, ते मी करीन.

लेप उतरला की काय होतं तेही सांगायला हवं, कारण पुष्कळ चांगली जॅकेटं एवढ्या कारणाने टाकून दिली जातात. वरचं कापड पाणी पिऊन जड होतं. आतला पडदा पाणी अडवतच असतो, पण त्याच्यावर पाण्याचा थर बसल्याने वाफेची वाट बुजते. आतून चिकट आणि गार लागतं, आणि माणसाला वाटतं की जॅकेट गळतंय. ते गळत नसतं, त्याचा श्वास कोंडलेला असतो. साध्या सौम्य साबणाने धुवायचं, सुवासिक मऊ करणारं द्रावण अजिबात घालायचं नाही, वाळल्यावर पातळ फडक्याखाली कोमट इस्त्री फिरवायची. लेप पुन्हा उभा राहतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर बाजारातून नवा लेप आणून द्यायचा.

आणि माळ्यावर कोंबून ठेवायचं नाही. माझं एक जुनं जॅकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन पावसाळे राहिलं. उघडलं तर आतला थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटत होता, हाताला चिकट लागत होता, शिवणीच्या पट्ट्या लोंबत होत्या. पॉलियुरेथेनला दमट उष्णता खाते, रेणूची साखळी पाण्याने तुटत जाते. मी ते फार वापरलंही नव्हतं. आता जॅकेट घोंगडीसारखंच खुंटीवर असतं, मोकळ्या वाऱ्यात.

शेवटी घेतलं ते नारिंगी, दोनशे ग्रॅमच्या आसपासचं, मुठीत मावेल एवढं, काखेत चेन असलेलं. आत घालायला पातळ लोकरीचा लांब बाह्यांचा सदरा. ते वापरायची रीतही बदलली. चढ लागला की मी जॅकेट काढते आणि पाऊस सरळ अंगावर घेते. आपला पाऊस कोमट असतो, चढावर तो अंगातले बल्ब निववतो. माथ्यावर पोचले की थांबते, दोन मिनिटं श्वास खाली येऊ देते, लोकर पिळून घेते, जॅकेट घालते, चेन गळ्यापर्यंत ओढते आणि मग उतार. ओली लोकर आणि वर वाऱ्याला बंद दार. दहा मिनिटांत आत ऊबारा धरतो. कोरडी मी तेव्हाही नसते. वाफशावर असते.

या जुलैत ताम्हिणीच्या अलीकडे एका टपरीवर थांबले होते. रस्त्याखाली खाचरात लावणी चालली होती. आता इरली दिसली नाहीत, सगळ्यांच्या डोक्यावरून निळं-पिवळं प्लॅस्टिक बांधलेलं. सत्तरीच्या एक मावशी चहाला वर आल्या. माझ्या शेजारी बसल्या आणि जॅकेटचं कापड चिमटीत धरून बघायला लागल्या.

"आतून घाम येतो का गं?"

"येतो मावशी."

"ह्यातबी येतो," त्यांनी डोक्यावरचं प्लॅस्टिक दाखवलं. "इरल्यात न्हवता येत." मग जॅकेटची लोंबणारी मागची बाजू त्यांनी हातात घेतली, ती पुढच्या बाजूला लावून पाहिली. "पाठ लांब ठिवलीय व्हय?"

"वाकून चालवावं लागतं ना."

"मग बरं केलंय," त्या म्हणाल्या. चहा संपवला, प्लॅस्टिकची गाठ हनुवटीखाली पुन्हा आवळली आणि खाचरात उतरल्या.

पुढे चढ होता. मी जॅकेट काढून पाठीमागच्या खिशात घातलं आणि निघाले.